मुलं, मांजरं आणि सिद्ध धनुष्य

अप्पांची आयुष्यात एकच तक्रार होती : त्यांनी लिहिलेलं माहितीपत्रक कुणी वाचत नाही. माणसं धनुष्य घेऊन जात, पत्रकात बाणांची टोकं गुंडाळत आणि महिन्याभराने मोडकं पातं, म्हणजे धनुष्याची वाकणारी पट्टी, घेऊन परत येत. अप्पा चष्मा कपाळावर चढवून विचारत, "कलम दोन वाचलंत का?" गिऱ्हाईक म्हणे, "कलमं होती होय?"

त्या गुरुवारीही तेच चाललं होतं. ग्रंथालयातली नोकरी आटपून लेक घरी जाता जाता कारखान्यात डोकावली होती. कारखाना म्हणजे आईअप्पांच्या घराखालच्या दोन खोल्या. एकीत लेथ आणि कानशी, दुसरीत भिंतीवर टांगलेली धनुष्यं. अप्पा नुसतं वाकवलेलं लाकूड विकत नसत. त्यांच्या धनुष्याच्या दोन्ही टोकांना लंबगोल चाकं असत. दोरी ओढताना आधी जोर लागे आणि मग एका जागी चाक असं वळे की तीन हिस्से भार आपोआप उतरे. माणूस दोरी ताणून निवांत नेम धरू शके. त्या चाकाचा आकार सापडायला अप्पांना बारा वर्षं लागली होती.

लेक लाल पेन घेऊन नवं पत्रक तपासत होती.

"'सदर उपकरण' कशाला? सरळ 'धनुष्य' म्हणा की."

"सदर काढलं तर लोकांना वाटेल, मी लिहिलंय."

"तुम्हीच लिहिलंय, अप्पा."

"म्हणून तर."

कलम चार होतं : 'धनुष्य ठेवताना खालच्या चाकाचे कुलूप लावावे. मुले व मांजरे यांच्यापासून दूर ठेवावे.' तिने दरवर्षीप्रमाणे 'व मांजरे' खोडलं. अप्पांनी दरवर्षीप्रमाणे पेन्सिलीने ते परत लिहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "मांजर आपलं काय खातंय?"

ती पुढच्या कलमाकडे वळली. अप्पांनी समोरचं धनुष्य उचललं आणि खालच्या चाकाजवळची पितळी खीळ अंगठ्याने सरकवली. खीळ चाकाच्या भोकात शिरली. दोन्ही चाकं एकमेकांना केबलने बांधलेली, त्यामुळे एक अडलं की दुसरंही अडे. त्यांनी दोरी ओढून दाखवली. ती बोटभर आली आणि भिंतीला लागल्यासारखी थांबली.

"बघ. अजून बोटभर सैल आहेच. एवढं काढलं की मी निवृत्त."

"दहा वर्षं ऐकतेय."

"मग अजून दहा ऐक."

दुरुस्त्यांचा कागद तिने पर्समध्ये टाकला. उद्या टाइप करून देते म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा झोपेतून उठलेच नाहीत.

त्यानंतर पाच आठवड्यांनी कारखान्याच्याच रस्त्यावरच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर माणसं खिडक्यांत बसली होती. मंचावर मखमली गवसणीतलं धनुष्य, दोरी आणि मूठ तेवढी उघडी, आणि त्याचं खालचं टोक मांडीवर घेऊन बसलेले मौनीबुवा. त्यांना मौनी म्हणत, कारण झोपेत ते बोलत नसत.

अप्पा गेल्यावर आठवड्याभरात बुवा सांत्वनाला आले होते. "गेलेल्याचा हात शेवटी कशाला लागला?" असं त्यांनी विचारलं आणि आईने ते धनुष्य खोक्यासकट त्यांच्या स्वाधीन केलं. आता ते धनुष्य सिद्ध झालं होतं. ज्याचं मन निर्मळ, त्यालाच ते उघडत होतं.

"वजन उचलणारा दंड वेगळा आणि ओझं उतरवणारं मन वेगळं," बुवा सांगत होते. "या दोरीत आकाशतत्त्व आहे, पात्यात वायुतत्त्व आहे..."

"आणि चाकात ग्रीस आहे," मागून व्यायामशाळेचे मास्तर पुटपुटले. मास्तरांचं दुःख खरं होतं. गेल्या रविवारी शंभर माणसांसमोर त्यांना दोरी ओढता आली नव्हती. त्यांच्यानंतर त्यांच्याच सासूबाईंनी, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, ती कानापर्यंत ओढली. तेव्हापासून बायको त्यांना 'तुमच्या मनात आहे तरी काय' एवढंच विचारत होती.

आईनेही ओढली होती, आणि लेकीची खरी अडचण तीच होती.

"आधी जड गेलं गं," आई सांगे. "मग कुणीतरी पलीकडून हात लावल्यासारखं झालं. सगळं ओझं काढून घेतलं. मला ठाऊक आहे कोण ते."

पुस्तकांत बुवाबाजीवर पुष्कळ सापडतं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलेल्या आईपुढे ते वाचून दाखवता येत नाही. पण आज आई पदरात कारखान्याच्या किल्ल्या बांधून आली होती. बुवांची बैठक तिथे व्हायची होती. लेथ हलवायचं होतं. लोखंडाने म्हणे कंपनं बिघडतात.

"तू ओढ," आई म्हणाली. "तू ओढलंस की मी किल्ल्या देऊन मोकळी होते."

"आणि मला नाही जमलं तर?"

"तुला का नाही जमणार? अप्पांची तू."

लेक मंचावर गेली. तिने मूठ धरली, दोरी ओढली. दोरी थोडी आली आणि थांबली. तिने खांद्याचा जोर लावला. काही नाही.

बुवांनी डोळे मिटले. "गेलेल्यापाशी काही दडवलंयस, मुली. खोटं बोललेल्याला हे उघडत नाही."

हे वाक्य ते आठवड्याला तीन-चार जणांना तरी ऐकवत. खोटं बोललं नाही असं माणूस कुठून आणायचं? अंधारात मारलेला दगड, कुणाला तरी लागणारच. पण तिला तो नेमका लागला. एवढं वाचलेली बाई, आणि क्षणभर तिला वाटलं, अप्पांना कळलं.

ती पायरीपर्यंत आली. समोर आईचा चेहरा उतरलेला. ज्या बोटांवर दोरीचा वळ उठला होता, ती तिने नकळत अंगठ्याने चोळली. दोरी आली होती. किती? बोटभर.

ती वळली.

"बुवा, मी परत ओढते. फक्त तुम्ही खालचं टोक सोडा."

"ते भूमीशी जोडलेलं लागतं."

"मग जमिनीवर ठेवते. भूमी म्हणजे तीच ना? का तुमची मांडी?"

खिडकीतलं कुणीतरी हसलं. बुवा म्हणाले, अविश्वासाने धनुष्य कोपतं. पहिल्या रांगेतल्या शिंपीणकाकू मध्येच म्हणाल्या, "गवसणी मीच शिवली. बुवांनी खाली एक फट ठेवायला सांगितली होती. धनुष्याला श्वास घ्यायला म्हणे."

"अंगठा जाईल एवढी?"

"हो की. मीही म्हटलं, नाक कुठेय बघू तरी."

लेकीने पर्समधून लाल खुणांचा कागद काढला. आवाज ग्रंथालयातलाच, सगळ्यांना गप्प बसवणारा. "'कलम चार. धनुष्य ठेवताना खालच्या चाकाचे कुलूप लावावे.' प्रत्येक खोक्यात हा कागद असतो. तुमच्यापैकी किती जणांनी वाचलाय?"

एकही हात वर आला नाही.

"एकाने वाचलाय," ती म्हणाली. "बुवा, अप्पांना फार बरं वाटलं असतं."

तिने गवसणी उतरवली. पितळी खीळ चाकात बसलेली होती. ती बाहेर सरकवून तिने मास्तरांना वर बोलावलं. मास्तर बायकोकडे बघत आले आणि दोन बोटांनी दोरी कानापर्यंत घेऊन उभे राहिले.

"सोडू?"

"अजिबात नाही. कलम दोन : बाण लावल्याशिवाय दोरी सोडायची नाही, पातं मोडतं. सावकाश परत आणा." मास्तरांनी आज्ञा पाळली. मग तिने पात्यांच्या बुडाचे स्क्रू दाखवले. ते चार-चार आटे ढिले केलेले होते, म्हणजे जोर मुळातच निम्मा झाला होता. "म्हणून तुमच्या सासूबाईंना जमलं. खीळ आत की पापी, खीळ बाहेर की पुण्यवान. बुवांच्या अंगठ्याला तुम्ही आवडलात की झालं."

सासूबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते, एवढं काही मन निर्मळ नाही माझं."

हशा उसळला. बुवा खरोखरच मौनात गेले आणि थोड्या वेळाने बाजूच्या दारातून गेले.

आई मात्र हसली नाही. सभागृह रिकामं होईपर्यंत ती किल्ल्या मुठीत धरून बसून राहिली.

"मग माझं ओझं कुणी उचललं?"

लेक तिच्याजवळ बसली. तिने आईचं बोट धरून चाकाच्या कडेवरून फिरवलं. "इथे बघ, ते लांबट आहे. दोरी इथवर आली की ते आडवं होतं, आणि भार चाकावर जातो. कुणालाही तसंच वाटतं. बुवालाही वाटेल."

"म्हणजे अप्पांनीच ना?"

"हो, अप्पांनीच. पण गेल्यावर नाही. असताना, बारा वर्षं कानस घासून. तू वर चहा गरम करत राहायचीस तेव्हा."

आई बराच वेळ चाकावरून बोट फिरवत राहिली. मग तिने किल्ल्यांची गाठ परत पदराला मारली. "लेथ कुठेही हलणार नाही," ती म्हणाली.

लेकीने धनुष्य उचललं. दोरी कानापर्यंत ओढली. आधी जड, मग हलकी. तिने ती तशीच धरून ठेवली.

"बघ आई, उघडलं. आणि मी अजून काही कबूल केलेलं नाही. खोटं आहे तसंच आत आहे माझ्या."

"कसलं खोटं?"

तिने दोरी सावकाश परत आणली, खीळ लावली. जे सांगायचं ते सांगायला धनुष्याची गरज नव्हती, बुवाची तर नव्हतीच. कुणीतरी ऐकायला हवं, एवढंच. आणि सांगणाऱ्याने अप्पा जाईपर्यंत थांबायला नको होतं.

"अप्पांच्या डाव्या डोळ्याला लागलं ना," ती म्हणाली, "मी नऊ वर्षांची असताना?"

"हो. मांजराने धनुष्य पाडलं, पातं तुटून उडालं. त्यानंतरच तर त्यांनी हे कुलूप बसवलं. त्याचं काय?"

लेकीच्या हातात लाल खुणांचा कागद होता. कलम चारमध्ये तिने खोडलेल्या दोन शब्दांवर अप्पांनी पेन्सिलीने ते दोन शब्द पुन्हा लिहिले होते, नीट, वळणदार अक्षरात, दरवर्षीसारखे. मांजराने पाडलेल्या धनुष्यासाठी कुणी दोरी अडवणारं कुलूप करत नाही. अप्पांना ठाऊक होतं, हे तिला आज, या क्षणी उमगलं.

"मांजर नव्हतं, आई," ती मोठ्याने म्हणाली, रिकाम्या सभागृहात शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं. "बाण न लावता दोरी मी सोडली होती. अप्पा, मी सोडली होती."