धुराड्यावरचा हात

आमच्या चर्चच्या वर्धापनदिनाच्या पंगतीचं मांस दरवर्षी वेस्ली शेकायचा. या वसंतात देवानं त्याला बोलावून घेतलं. मंडळी म्हणाली, यंदा दुकानातून मागवू. त्याची बायको लव्होनिया म्हणाली, भट्टी अंगणात आहे, मीही आहे. एकदा करून तर बघू द्या.

शनिवारी मी कांदे चिरायला गेले. भट्टी म्हणजे आडवं लोखंडी पिंप, एका बाजूला जाळाची पेटी, दुसऱ्या टोकाला धुराडं, वर उष्णता दाखवणारा काटा. काटा उतरला की लव्होनिया ओकचा मोठा ओंडका टाकायची, उसळला की धुराड्याचं झाकण लावायची. दुपारपर्यंत दाट पांढरा धूर कोंडला. मांसाच्या कडेचा तुकडा चाखला, तर कडू जहर.

तेवढ्यात वेस्लीचा धाकटा भाऊ थर्मन खुर्च्या घेऊन आला.

"वहिनी, धुराडं बंद करायला कुणी शिकवलं?"

"तुझ्याच भावानं. तासन्‌तास त्याच्यावर हात धरून उभा असायचा. झाकण फिरवत होता ना?"

थर्मन हसला. "वहिनी, तो झाकणाला शिवतही नसे. धूर किती गरम, किती दाट, ते तळव्यावर घेऊन बघायचा."

लव्होनिया पायरीवर बसली. एवढी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, कधी विचारलं नाही, म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, आपले पाद्रीबाबा प्रवचनात आधी नुसते बोलतात, मग शब्द सुरात चढतात. घाई करायला लागले की आपण बाकांवरून काय म्हणतो? सावकाश, बाबा, सावकाश. तोंड तर नाही ना दाबत?"

तिला हसू आलं. तिनं धुराडं सताड उघडलं, पेटीचं दार बोटभर उघडं ठेवलं, लाकडाच्या बारीक ढलप्या टाकल्या. काटा पुन्हा घसरला. तिचा हात ओंडक्याकडे गेला. हात तिनं आपणच मागे घेतला. हळूहळू धूर विरळ, निळसर झाला आणि काटा स्थिरावला. मांसाचा कडू झालेला वरचा थर तिनं नंतर कापून टाकला.

रविवारी प्रवचन रंगलं, पंगत बसली. सगळ्यांत म्हाताऱ्या अर्नेस्टीनआजींनी घास तोंडात घोळवला.

"वेस्लीसारखं नाही लागत."

"नाही लागणार, आजी. माझ्या हातचं आहे."

आजींनी ताटली पुढे केली. "मग वाढ की अजून."