दोन बोटं वर

कारखान्यात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. पोहण्याचे कपडे शिवणारा तो कारखाना. कोणताही नवा नमुना आधी तिच्या अंगावर चढायचा, ती स्टुलावर उभी राहायची, कटिंग मास्तर टाचण्या लावायचे आणि मग फोटो गिऱ्हाइकाकडे जायचे. सात वर्षांत तिचं माप अर्धा सेंटिमीटरही हललं नव्हतं. मग तिला जुळी झाली. वजन उतरलं, पण पोटाची कातडी सैलच राहिली.

मास्तरांनी तिला धागे कापायच्या टेबलावर बसवलं. "ही तात्पुरती सोय. स्टूल तुझंच आहे," ते म्हणाले. स्टुलावर उभी राहायला एक बदली मुलगी आली.

तिनं पोटाचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "रोजच्या वापरातली चड्डी घालून या. व्रण तिच्याआड बसवतो."

मास्तरांसमोर सात वर्षं कमी कपड्यांत उभी राहिलेली बाई दवाखान्यात जायचं म्हटल्यावर लाजली. तिनं थोरल्या बहिणीला विचारलं.

"परक्या माणसापुढं तसलं तोकडं घालून जाणार? काहीतरी धड घाल," म्हणत ताईनं नवं पाकीट काढून दिलं. त्यातली चड्डी बेंबीला टेकत होती.

डॉक्टरांनी तिला उभं केलं आणि निळ्या पेनानं त्या काठाच्या आत रेघ ओढली.

"इथं चालेल ना?"

टाचणीभर चुकलं तरी मास्तरांना टोकणारी ती छताकडं बघत म्हणाली, "चालेल."

पहिले पंधरा दिवस ती वाकून चालली. दीड महिना पट्टा बांधला. टाके विरले आणि कमरेच्या एका बाजूपासून दुसरीपर्यंत लाल रेघ उरली. तिसऱ्या महिन्यात ती रेघ आणखी लाल झाली, दोरीसारखी उचलून आली. "अजून वाढेल, मग बसेल. वर्ष-दीड वर्ष धीर धरा. ऊन लागू देऊ नका," डॉक्टर म्हणाले.

चौथ्या महिन्यात तिनं घरी कारखान्यातला एक जुना नमुना घालून पाहिला. रेघ चड्डीच्या काठाच्या दोन बोटं वर होती.

जागा बदलणार नव्हती. बदलणार होता तो रंगच. तिनं कारखान्यातून धाग्यांच्या रंगछटांचं शेड कार्ड आणलं. दर रविवारी खिडकीशी उभी राहून ती कार्डावरचे धागे व्रणाशी जुळवून बघायची. डाळिंबी, मग गुलाबी, मग फिका गुलाबी. सिलिकॉनची पट्टी, सकाळ-संध्याकाळ मालिश, काही चुकवलं नाही.

"मला तर दिसतच नाही," नवरा म्हणाला.

"तुला घरातलं काय दिसतं?"

चौदाव्या महिन्यात व्रण आणि अंग एकाच धाग्याला जुळले. दुसऱ्या दिवशी ती मास्तरांपुढं उभी राहिली.

"आत्ता काही हातात नाही गं. पुढच्या हंगामाचे नमुने आले की तुलाच बोलावतो."

नमुने आले दोन महिन्यांनी. तोवर व्रणाची छटा कार्डावर आणखी दोन घरं पुढं सरकली होती. व्रण तिच्या रंगापाशी थांबला नव्हता. तो फिकट होतच गेला होता.

मास्तरांनी टेप लावली. छाती, कंबर, नितंब. "टेपनं लाजावं असं माप आहे, फूटपट्टी," ते म्हणाले. मग फोटोचे दिवे लागले. सावळ्या पोटावर पांढरी, गुळगुळीत रेघ चमकली. मास्तरांनी कॅमेरा खाली केला.

"मेकअप लावू?"

"कपड्याला लागतो. गिऱ्हाईक नमुना परत मागतं."

"अजून फिका होईल की."

"फिका झालाय म्हणूनच दिसतोय." त्यांनी एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "कापड असतं तर उसवून खाली घेतलं असतं."

बदली मुलगी दाराशी थांबली होती. मास्तरांनी तिला आत बोलावलं. आता तिला बदली कुणी म्हणत नव्हतं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर खूश होते. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "फार छान भरलाय. आता यात फारसा फरक पडणार नाही."

"थोडा काळसर करता येतो का?"

ते हसले. "लोक उलटं मागतात." मग त्यांनी कपाटातून कॅमेरा काढला. "नव्या पेशंटना दाखवायला एक फोटो घेऊ? चेहरा येणार नाही."

दुपारपर्यंत तिला धाग्यांच्या टेबलावर पोचायचं होतं. तिनं कुर्ता वर धरला, पाठ ताठ केली, टाचा जुळवल्या आणि सवयीनं अर्धा श्वास रोखून उभी राहिली.