बोंडूच्या केसाला धक्का

आधीच सांगून टाकतो, मी माणसांच्या डोक्यावर फिरणारा कंगवा नाही. नाहीतर तुम्ही उगाच भांग नीट करत आरशाकडे बघाल. मी कुत्र्याचा कंगवा. वीतभर लांब, अंगाने पोलादी. माझे अर्धे दात विरळ, अर्धे दाट. त्यातले दोन वाकलेले आहेत, पण त्यांची मला लाज वाटत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. तयार झालेला प्रत्येक कंगवा ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवरून ओढून बघायची. चरा उठला की कंगवा पुन्हा घासायला परत. माझ्यामुळे तिच्या मनगटावर नुसती पांढरी रेघ आली आणि गेली. "हा जाऊ दे," ती म्हणाली. कातडीपर्यंत जायचं, पण तिला दुखवायचं नाही, हे मी तिच्याकडून शिकलो.

माझी पहिली मालकीण म्हणजे ताई. कुत्र्यांना न्हाऊ घालणं, केस विंचरणं, कापणं, नखं काढणं हा तिचा व्यवसाय. तिच्या दुकानात रबरी चटई घातलेलं उंच टेबल होतं, एक खोलगट टब होता आणि केस वाळवायचा ब्लोअर होता. त्या ब्लोअरच्या आवाजाने भलीभली दांडगी कुत्री ताईच्या काखेत तोंड लपवायची.

ताई आधी ब्रश फिरवायची आणि शेवटी मला. "ब्रश तोंडदेखलं बोलतो, कंगवा खरं बोलतो," असं ती म्हणायची. ब्रश केसांवरून सरकतो, वरून सगळं मऊ, फुललेलं दिसतं. मी मुळाशी शिरतो. आत गुंता असेल तर मी अडतो. मी कुठेही न अडता बाहेर आलो की काम झालं.

"रोज विंचरता ना?" ती मालकांना विचारायची.

"हो तर, रोज."

"रोज म्हणजे?"

"म्हणजे... आठवलं की."

ताई हसायची आणि मला हातात घ्यायची. पुढचं मी सांगायचो.

एक दिवस घड्याळं दुरुस्त करणारे काका दुकानात आले. जॅकेटच्या आत काहीतरी हलत होतं. जॅकेटची चेन उघडली तशी एक पांढरी, केसाळ मुंडी बाहेर आली. कापसाचं बोंड उकलावं तशी. म्हणून त्याचं नाव बोंडू.

"याला काय काय लागेल?" काकांनी विचारलं. त्यांना वाटलं, ताई आता साबण, पट्टा, खेळणी असं काहीबाही सांगेल.

"दिवसाची दहा मिनिटं लागतील," ताई म्हणाली. "पुढची बारा-तेरा वर्षं. आहेत का?"

काका गंभीर झाले. "दुकान पोराच्या हाती दिलंय. आता माझ्याकडे तेवढंच उरलंय."

ताईने मला पुसलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "मग हा न्या. याला कामाची सवय आहे."

असा मी त्या घरी गेलो. रोज सकाळी चहा झाला की काका मागच्या पायरीवर बसायचे. घड्याळातली बारीक चाकं उचलणारी ती बोटं बोंडूचे केस एका बाजूला सारायची, कातडीची गुलाबी रेघ दिसेपर्यंत. मग त्या रेघेपासून मला बाहेर आणायची. मग पुढची रेघ. बोंडू डोळे मिटून बसायचा.

काकू दारातून बघायच्या. "माझ्या केसांचं इतकं कौतुक कधी केलं नाहीत."

"तू बसतेस कुठे एका जागी?" काका म्हणायचे.

तीन वर्षं अशी गेली. मग एका सकाळी मी त्यांच्या हातून खाली पडलो. त्यांनी उचलायचा प्रयत्न केला, पण बोटं मिटेनात. तोंडाची एक बाजू ओघळल्यासारखी झाली. काकूंनी हाक मारली, सून धावत आली, फोन झाले, रुग्णवाहिका आली. मी पायरीवरच पडून होतो, म्हणून सगळं ऐकलं. स्ट्रेचरवरून काका जड जिभेने काकूंना म्हणाले, "बोंडूच्या... केसालाही... धक्का लागू देऊ नकोस."

त्यानंतर त्यांची वाचाच गेली.

गाडी नजरेआड झाल्यावर काकू मागच्या दारी आल्या. बोंडूच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. "देवा, याच्या एका केसालाही मी धक्का लागू देणार नाही. तू त्यांना मला परत दे." इतक्या हळू बोलल्या, की मी आणि बोंडू सोडून कुणालाही ऐकू गेलं नसेल.

काकांवर दुसऱ्या शहरात, लेकीच्या घराजवळ उपचार सुरू झाले. काकू दर पंधरवड्याला जाऊन यायच्या. इकडे बोंडूला विंचरायचं कामही त्यांनी आपल्याकडे घेतलं. पहिल्याच आठवड्यात कानामागे एक लहानशी गाठ लागली. मी अडलो. बोंडू कुंईकुंई करू लागला, आणि मी बाहेर आलो तेव्हा माझ्या दातात चार केस तुटून आले होते.

काकूंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ते चार केस त्यांनी तळहातावर घेतले आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग मला खणात ठेवून दिलं. जुन्या किल्ल्या, टॉर्च आणि सुतळीच्या गुंड्याशेजारी.

त्यानंतर बोंडूच्या अंगावरून तान्ह्या बाळाचा मऊ ब्रश फिरू लागला. वरवर, अगदी मायेने. दर रविवारी गरम पाण्याने अंघोळ आणि मग ऊन. खणात पडल्या पडल्या मला पाण्याचा आवाज यायचा आणि माझा जीव कासावीस व्हायचा. गुंता आधी सोडवायचा आणि मगच पाणी घालायचं. तसाच ओला केला तर तो वाळताना आवळत जातो. लोकर धुऊन आटते ना, तसा. पण खणातला कंगवा काय सांगणार? आणि मायेने चाललेल्या कामात चूक असेल असं कुणाच्या मनात येतं?

सूनबाई दोनदा म्हणाली, "आई, याचे केस जरा कापून आणूया का?"

"नको," काकू म्हणायच्या. पुढे एक शब्द नाही.

पाचव्या महिन्यात बोंडू अंगाला हात लावू देईना. पट्टा घालायला सून वाकली तर गुरगुरून तिच्या हातावर गेला. दात लागला, रक्त आलं. डॉक्टर, इंजेक्शन, सगळं झालं. संध्याकाळी ती काकूंशेजारी येऊन बसली.

"आई, मला त्याचा राग नाही आला. पण मला भीती वाटते आता. बाबा पुढच्या महिन्यात काठी घेऊन घरी येतील. हा त्यांच्या अंगावर गेला, ते पडले, तर?"

काकूंनी तिच्या हातावरची पट्टी नीट केली.

"माझ्या ऑफिसातल्या एकीचं मोठं आवार आहे. रविवारी येऊन नेईन म्हणाली."

काकू म्हणाल्या, "जायचाच असेल तर नीट होऊन तरी जाऊ दे." खण उघडला. मला उजेड दिसला.

शनिवारी दोघी त्याला आणि मला घेऊन ताईकडे आल्या. ताईने आधी त्याला नुसतं टेबलाजवळ हुंगू दिलं, मग अलगद उचलून वर घेतलं. तो गुरगुरला. तिने हात मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही.

मग ब्रश फिरवला. वरचे केस भुरभुर उडाले. काकूंचा चेहरा थोडा उजळला. "मी रोज करते हो."

"दिसतंय की," ताई म्हणाली आणि तिने मला घेतलं. मी मुळाशी जायला निघालो आणि भिंतीवर आपटलो. थोडा जोर लागताच माझे दोन दात वाकले. ताई तिथेच थांबली.

"काकू, इथे बोट घाला. कातडी लागते का बघा."

काकूंचं बोट अर्ध्यातच अडलं. त्यांनी मानेजवळ घालून बघितलं, पोटाखाली बघितलं. कुठेच लागेना.

"सगळ्या अंगाची एक जट झालीय," ताई म्हणाली. "कुणी तुमची वेणी घट्ट ओढून धरली आणि महिनोन् महिने सोडलीच नाही, तर तुम्ही काय कराल?"

"मी चावेन," सून हळूच म्हणाली.

"आता हे सुटायचं नाही. सोडवत बसले तर त्याचे हाल होतील. सगळं मुळापासून काढावं लागेल."

"नाही." काकूंनी टेबलाची कड घट्ट धरली. "केस कापायचे नाहीत. मी शब्द दिलाय." आणि मग पाच महिने पोटात ठेवलेलं सगळं ओठांवर आलं. स्ट्रेचर, काकांचे शब्द, देवाला घातलेली गळ. "याचा केस गेला आणि तिकडे त्यांना काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

सून बघतच राहिली. "आई, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"मनात धरलेलं बोललं की फळत नाही म्हणतात."

ताई हसली नाही. तिने बोंडूच्या हनुवटीखाली एक बोट ठेवलं आणि म्हणाली, "ज्यांनी ते सांगितलं, त्यांनाच विचारू की."

सुनेने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर काका दिसले, उशीला टेकून बसलेले. गेल्या महिन्यापासून त्यांना एकेक शब्द जमू लागला होता. काकूंनी रडत रडत सगळं सांगितलं. ताईने फोन बोंडूजवळ नेला, मला जटेवर टेकवून दाखवलं. काका बराच वेळ बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

"अगं," ते शेवटी म्हणाले. "ती... म्हण... आहे."

काकू तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. त्या हसताहेत की रडताहेत, मला कळेना. "पाच महिन्यांनी तुमचं एक अख्खं वाक्य कळलं," त्या म्हणाल्या, "आणि तेही मला वेडी ठरवणारं."

"काप," काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर काकूंनी ताईला विचारलं, "देवाला तरी कळलं असेल ना, मला काय म्हणायचं होतं ते?"

"त्याला कळलं नसतं, तर काका बोलले असते का?" ताई म्हणाली. काकूंनी टेबलाची कड सोडली.

ताईने कात्री घेतलीच नाही. जटेत कातडी ओढली गेलेली असते, कात्रीने ती कापली जाऊ शकते. तिने मशीन घेतलं आणि जटेखालून, कातडीला समांतर, बोट बोटभर पुढे नेत राहिली. मध्येच थांबायची, पाणी पाजायची, पातं तापलंय का ते स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. मला कारखान्यातली ती बाई दिसली.

पाठीवरची जट सोलल्यासारखी एकसंध निघाली. अंगरखा काढून ठेवावा तशी. खालची कातडी लालबुंद होती. कानामागे चिघळलेली जखम होती, काखेत एक काटेरी बी रुतून बसलं होतं. काकूंनी ते सगळं बघितलं. मान वळवली नाही.

दोन तासांनी बोंडू खाली उतरला. निम्म्याने लहान झालेला, कान मोठे दिसत असलेला, जरासा ओशाळा. आणि मग तो नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकून मोकळा झाला. कितीतरी महिन्यांत त्याला तेवढंसुद्धा करता आलं नव्हतं. नंतर तो सुनेजवळ गेला आणि तिच्या पट्टी बांधलेल्या हाताजवळ बसला. तिने लगेच हात लावला नाही. पण मागेही सरकली नाही.

"जखम आधी डॉक्टरांना दाखवा," ताई म्हणाली. "आणि उद्याचं काय ते तुम्ही ठरवा. पण त्याला बरं वाटेपर्यंत थांबलात, तर खरा बोंडू कसा आहे ते कळेल."

सुनेने बाहेर जाऊन फोन केला. "उद्या नको येऊस गं. महिनाभर बघतो आम्ही." एवढंच ऐकलं मी.

तो महिना कधीच उलटला. नेणारी आली नाही, तिला कुणी बोलावलंही नाही.

आता मी खणात नसतो. मागच्या दाराशी, हाताला येईल अशा उंचीवर टांगलेला असतो. बोंडूचे केस दोन बोटं वाढलेत. पट्टा सूनबाई घालते, आधी त्याला हात हुंगायला देते आणि मग. अंघोळीआधी काकू मला फिरवतात. कुठे अडलो तर घाबरत नाहीत, ओढतही नाहीत. गाठीच्या मुळाशी केस बोटांत धरून, टोकाकडून हळूहळू सोडवतात. एखादा केस तुटतो. त्या तो फुंकर मारून उडवून देतात.

तुमच्या घरी असा एखादा जीव असेल तर माझं एक ऐका. आज त्याला नुसतं गोंजारून सोडू नका. कानामागे, काखेत, पोटाखाली बोट घाला आणि कातडी लागते का बघा. जमत नसेल तर जाणत्या माणसाकडे न्या. तिथे ओशाळायचं काही कारण नाही. आणि नवा जीव घरी आणणार असाल, तर आधी स्वतःला विचारा, दिवसाची दहा मिनिटं आहेत का?

काका पंधरा दिवसांपूर्वी घरी आले. काठी आहे, उजवा हात अजून जड आहे. त्या हातात ते मला धरतात आणि डाव्या हाताने उजवा हात पुढे नेतात. दिवसाला तीन-चार रेघा होतात. पुष्कळ झाल्या.

आता थांबतो. काका पायरीवर येऊन बसलेत. बोंडूचं नाव त्यांना पुरतं घेता येत नाही, 'ड' कुठेतरी अडतो. ते "बोंऊ" म्हणतात.

तो तेवढ्यावर उठून येतो.