शेडनेटची ठिगळं

वादळात रोपांवर सावली धरणारं शेडनेट फाटलं की झोप मैनाची उडायची आणि सरकारी भरपाई मात्र तिच्या थोरल्या भावाच्या, आप्पासाहेबांच्या, खात्यात पडायची.

त्यांचं गाव पुणे महापालिकेत गेलं त्याला बरीच वर्षं झाली. चारी बाजूंनी टॉवर उठले आणि मध्ये काळ्या जमिनीचा एवढाच तुकडा उरला. सातबारा भावाचा, राबणं बहिणीचं. लग्नानंतरच्या एका भाऊबिजेला आप्पासाहेबांनी मैनाला मोरपंखी साडी नेसवली आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. माहेर तुटू नये म्हणून गावातल्या सगळ्याच पोरी अशा सह्या करत. पुढे नवरा गेला, सासरच्यांनी दार लावलं, आणि मैनाने इथे रोपवाटिका उभी केली. पोट त्यावरच होतं.

गेल्या वर्षीच्या भरपाईतून अकराव्या मजल्यावर आप्पासाहेबांच्या बाल्कनीत पितळी कड्यांचा झोपाळा आला. "नव्या नेटचं काय?" असं मैनाने विचारलं तर "बघू" म्हणाले. मग तिने ट्रंकेतल्या साड्या काढल्या आणि मांडवभर ठिगळं लावली. तिला त्याची लाज वाटली नाही, आणि ज्याला वाटायला हवी होती तो झोपाळ्यावर झुलत होता.

यंदा नेट पुन्हा फाटलं, मैनाने पुन्हा शिवलं. आज कृषी खात्याच्या मॅडम नुकसानीची पाहणी करायला येणार होत्या म्हणून आप्पासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गाडीतून उतरले. मांडवाकडे पाहताच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मैने, त्या साड्या उसव आधी. मॅडमना नुकसान दिसाया नको का?"

"खाली शेवंतीची, टोमॅटोची रोपं हायत आप्पा. ह्या उन्हात दुपारपातूर करपून जातील."

"करपू दे की. तेवढंच नुकसान जास्त दिसंल."

मैनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरासारखी वाढवलेली रोपं, आणि हा म्हणतो करपू दे. तेवढ्यात कृषी खात्याच्या नम्रता मॅडम स्कूटर लावून आत आल्या.

"लाभार्थी कोण?"

"मीच," आप्पासाहेब पुढे झाले.

नम्रताने मान वर करून मांडव पाहिला. "नेट तर शिवलेलं दिसतंय. फाटलंय कुठे?"

आप्पासाहेबांनी बहिणीवर डोळे वटारले. मैनाने एका कोपऱ्यातले रोपांचे ट्रे शांतपणे सावलीत ओढले. मग ती स्टुलावर चढली आणि तिथल्या मोरपंखी ठिगळाचे टाके खुरप्याने उसवले. ती एकच साडी तिने खाली ओढली, नीट घडी घातली आणि भावाच्या हातात ठेवली.

"मॅडम, आता काढा फोटो. ह्या मांडवात आप्पाचं होतं ते एवढंच. बाकीची ठिगळं माझी हायत, ती मी काढणार नाय."

"म्हणजे नुकसान एवढंच लिहू?" नम्रताने विचारलं.

"अगं मैने..." आप्पासाहेब म्हणाले.

"एवढंच लिवा."

नम्रताने मोबाइल धरला. फोटोत लाभार्थी हवाच, म्हणून आप्पासाहेबांना त्या भोकाखाली भर उन्हात उभं राहावं लागलं, हातात बहिणीला नेसवलेली साडी घेऊन. मैना पलीकडे रोपांना पाणी घालत होती.