अबाकेंच्या बुटातले नाल

नारिन शहरातल्या डायलिसिस वॉर्डात आम्ही सगळे काट्यावर हलके दिसायला धडपडतो. वजन वाढलं म्हणजे पाणी जास्त प्यालो, आणि मग आमची नर्स बुरुलचा, जिला सगळे एजे म्हणजे ताई म्हणतात, सगळ्यांसमोर सोलून काढते. मुकाम्बेत नावाचे आमचे अबाके, म्हणजे काका, एकटेच उलटे. त्यांना जड व्हायचं होतं.

कारण रविवार. त्या दिवशी नातवाचा पहिला कोक-बोरू होता, म्हणजे घोड्यांवरून बकऱ्याच्या धडासाठी झुंजायचा खेळ. घोड्यावर बसून बकऱ्याचं धड मैदानात टाकायचं आणि खेळ सुरू करायचा, हा मान आजोबांचा. पण डॉक्टर दामिरांनी बजावलं होतं, "अंगावर मांस नाही, हाडं खडूसारखी. अठ्ठावन्नचे साठ किलो करा, मग घोड्याचं नाव काढा. आणि दोन किलो मांसाचे हवेत, पाण्याचे नकोत!"

शुक्रवारी अबाके काट्यावर चढले. एजेनं त्यांचे खिसे उलटे केले.

"कुरुत नाही ना लपवलं? ते सुक्या दह्याचे खारट गोळे हाडं पोखरतात."

"झडती घे, बाई."

फरशी बर्फासारखी गार, म्हणून आमच्याकडे बुटांसकट वजन होतं आणि बुटांचं वजा करतात. बुटात कोणी डोकावत नाही.

"अबाके, तुम्ही चालताना वाजताय," मी म्हणालो.

"सांधे, इलगिझ. वय झालं."

वाढलेलं वजन म्हणजे पाणी, असं धरून एजेनं मशीनला तेवढं उपसायला लावलं. हे अबाकेंच्या ध्यानातच आलं नव्हतं. तासाभरात त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले.

"एजे! मेलो!"

एजेनं धावत येऊन उपसा थांबवला, सलाईन सोडलं आणि पाय चोळायला बूट ओढले. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

डॉक्टर आल्या. "हे कोणाचे?"

"घोड्याचे."

"घोडा कुठंय?"

"घरी. अनवाणी."

डॉक्टरांनी नाल जप्त केले. मग अबाकेंचे घोटे दाबले, छाती तपासली आणि हाडांचा रिपोर्ट वाचत बसल्या. "नाल वगळले तरी गोळे फार लवकर आले. म्हणजे बाकीचं वाढलेलं वजनही सगळं पाण्याचं नव्हतं," त्या पुटपुटल्या. मशीन सुटल्यावर त्यांनी अबाकेंना अनवाणी काट्यावर उभं केलं. सात खुर्च्यांवरून सात माना ताणल्या.

"साठ!" एजे किंचाळली. "वर दोनशे ग्रॅम! आणि सूज नाही!"

वॉर्ड दणाणला. मी टाळ्या वाजवायला सुई टोचलेला हात वाकवला, तर माझं मशीन बोंबलायला लागलं.

"म्हणजे नालांची गरजच नव्हती?" अबाके दुखावले. "मी घोड्याच्या लाथा खाल्ल्या त्यासाठी!"

"हाडंही वर्षभरात आणखी झिजलेली नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "चढा. पण घोडा पळवायचा नाही, आणि लगाम एजेच्या हातात."

"नाल?"

"उद्या मी स्वतः आणते. चारही घोड्याच्याच पायात जाताना बघणार आहे."

रविवारी धड आम्ही चौघांनी उचललं, सुईचा हात सोडून दुसऱ्या हातानं, आणि अबाकेंनी घोड्यावरून मैदानात ढकललं. धूळ उडाली, नातू सुसाट सुटला आणि अबाके खोगिरावरून असे गर्जले की लगाम धरलेली एजे दचकली.

घोडा मात्र जागचा हलला नाही. पाय उचलला की नाल जातात, एवढं तो शिकला होता.