उरलेला दट्टा

माझे हात गप्प बसत नाहीत, ही तक्रार काही आजची नाही. बसमध्ये शेजारच्या बाईची पिशवी घसरायला लागली की तिच्या आधी मी ती सावरते. नवऱ्याच्या चहातली साखर मी ढवळते. तो म्हणतो, "आता माझ्या वतीने पिऊनही टाक." प्रशिक्षणाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'लगबग' पडलं आणि ते ठेवणाऱ्या बायकांचं काही चुकलं नाही.

मी तिसरीचा वर्ग शिकवत आले. फळा, खडू, घसा आणि मी. आमच्या शाळेने लहान वर्ग माँटेसरी पद्धतीने चालवायचं ठरवलं आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून सरळ सांगितलं, "सुट्टी संपायच्या आत प्रमाणपत्र आणलंत तर वर्ग तुमचा. नाहीतर तुम्हाला कार्यालयात घेऊ, काळजी करू नका." कार्यालयात म्हणजे दाखल्यांवर शिक्के मारायचे आणि खिडकीतून दुसऱ्याचा वर्ग बघायचा. मुलांशिवाय मी दिवसभर करू काय? तेव्हापासून झोपेतही माझे पाय हलत असतात, असं नवरा सांगतो.

त्यात शिकवणारी कोण, तर माझी सख्खी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ही एवढीशी होती, आई नसलेली. तिच्या वेण्या, तिचं दप्तर, तिच्या बुटांच्या नाड्या, सगळं मी केलं. आता ती घरी मला 'तू' म्हणते आणि वर्गात 'तुम्ही', आणि दोन्ही ठिकाणी माझ्या चुका काढते. पावलांचा आवाज न करता मागे येऊन उभी राहते म्हणून बायका तिला 'मांजर' म्हणतात. मी हसत नाही, पण मनातून पटतं.

तिचं एकच पालुपद. हात मांडीवर. एकदा दाखवा आणि बाजूला व्हा. मुलाने मागितल्याशिवाय मदत नाही. मोठ्या मुलांच्या हजारापर्यंत मोजायच्या मण्यांपासून ते चिमुकल्यांच्या बटणं-नाड्यांचा सराव करायच्या लाकडी चौकटीपर्यंत हाच नियम. एकदा तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "मी कॉलेजात जाईपर्यंत मला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. घरात कोणीतरी माझ्याआधीच खाली वाकलेलं असायचं. मी नाडी शिकले ती इथे, या चौकटीवर." वर्ग खळखळून हसला. मीही हसले, पण माझे कान तापले होते. इतक्या वर्षांच्या मायेचा तिने भर वर्गात विनोद करावा, हे मला फार लागलं.

पहिल्या प्रात्यक्षिकात मी नापास झाले. एक मुलगा जगमधून पाणी ओतत होता आणि मी जगला खालून नुसतं बोट लावलं. पाणी सांडलं नाही, पण बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी मान हलवली. आता ही दुसरी आणि शेवटची संधी.

त्या सकाळी मी लहान मुलांच्या खोलीत ठेंगण्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीला. शेजारी एक चार वर्षांची मुलगी, फ्रॉकला रंगाचे डाग. एका भिंतीशी परीक्षकबाई, दुसऱ्या कोपऱ्यात माझी नणंद, तोंड मिटून. समोर दट्ट्यांची पेटी होती. म्हणजे लांबट लाकडी ठोकळा, त्यात लहानमोठी भोकं आणि प्रत्येक भोकात चपखल बसणारा एकेक दट्टा. या पेटीची गंमत अशी की चूक झाली तर कुणी सांगावं लागत नाही. शेवटी एक दट्टा हातात उरतो आणि त्याला जागा नसते.

मी दाखवलं. तीन बोटांत दट्टा धरून, सावकाश, एक शब्द न बोलता. मग बाजूला सरकले आणि हात मांडीवर ठेवले. आता काम तिचं होतं.

तिने सगळे दट्टे काढले आणि परत भरायला लागली. तिसराच दट्टा चुकला. बारीक दट्टा मोठ्या भोकात पडून आत हलत राहिला आणि तिला पत्ताच नाही. माझे हात शिवशिवायला लागले. परीक्षकबाईंच्या पेनाची करकर नको तितकी ऐकू येत होती. एक पाय दुसऱ्या पायावर टाकला, पुन्हा काढला. शेवटी व्हायचं तेच झालं. जाडजूड दट्टा हातात आणि समोर एकच बारीक भोक. ती तो दट्टा त्यावर दाबायला लागली, मग ठोकायला लागली.

माझा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. शपथेवर सांगते, तो डाव्या हाताला आवरायला निघाला होता, पेटीकडे नाही. पण तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "अंहं."

खोकल्यासारखा, पण खोकला नव्हे.

मुलगी दचकली. तिने कोपऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दट्टा हळूच खाली ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

"कर गं बाळा, काही नाही झालं," हे शब्द अगदी ओठांवर आले आणि मी ते गिळले. असा राग आला होता नणंदेचा! मी काही केलं नव्हतं. पहिल्यांदाच मी काहीही केलं नव्हतं आणि हिला तेवढाही भरवसा नव्हता.

"त्या रागावल्या?" मुलीने माझ्या कानाशी येऊन विचारलं.

"नाही. त्यांना माझी काळजी वाटते," मी म्हणाले.

ती विचारात पडली. मग पेटीकडे बघत राहिली. बराच वेळ तिने काहीच केलं नाही आणि मीही नाही, आणि हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे असं माझं मत झालं. परीक्षकबाईंनी घड्याळ बघितलं. "वेळ संपली, थांबू या."

"तिचं व्हायचंय अजून," मी म्हणाले. इतक्या ठामपणे की माझी मीच चपापले.

मुलीने हात पुढे केला. एक दट्टा हलवून पाहिला, दुसरा हलवून पाहिला. तो सैल बसलेला बारीक दट्टा सापडल्यावर "हं!" म्हणाली, अगदी एखाद्या दुकानदारासारखी. मग तो उपसून तिने सगळं जागच्या जागी बसवलं आणि पेटी उचलून फळीवर ठेवायला गेली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

परीक्षकबाई हसत होत्या. "छान. मध्ये कोणाला खोकला आला होता का?"

"हो, खोकलाच," मी पटकन म्हणाले.

"खोकला नव्हता." नणंद उभी राहिली होती, पांढरीफटक. "मी खूण केली. त्या माझ्या वहिनी आहेत."

परीक्षकबाईंचं हसू मावळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "शिकवणाऱ्याने खूण केली तर परीक्षा धरता येत नाही. पुढच्या सत्रात दुसऱ्या केंद्रावर द्या. त्यांचं काम चांगलं होतं, पण माझा इलाज नाही."

पुढच्या सत्रात. म्हणजे वर्ग गेला, शिक्के आले.

जिन्यात मी तिला गाठलं. "कुणी विचारलं होतं तुला? तोंडात मूग धरून बसली असतीस तर काय बिघडलं असतं? वर्ग गेला माझा!"

"माहीत आहे."

"मग?"

"दट्टा उरला होता ना वहिनी. माझ्या हातात," ती म्हणाली. "तुझा हात हलला आणि मला वाटलं, ही पुन्हा नापास. मला राहवलंच नाही." मग खाली बघत म्हणाली, "कुणाचं वळण, सांग."

वळण माझंच होतं.

ती पायऱ्या उतरायला लागली तर तिच्या बुटाची नाडी सुटलेली. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि नुसती उभी राहिले. तिने नाडीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. खाली वाकली नाही. पायरीवर बसली आणि पाय माझ्याकडे सरकवला.

"वहिनी, आज तू बांध," ती म्हणाली.

तिने मागितलं होतं. मी तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि नाडी बांधली, लहानपणी बांधायचे तशी, दुहेरी गाठीची.