भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्च्या

बाबांच्या दुकानात नियम एकच होता. दुरुस्त झालेली खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची आणि मोडकी भिंतीकडे. त्यामुळे आपली खुर्ची बरी झाली की अजून आजारी आहे, हे गिऱ्हाइकाला रस्त्यावरूनच कळायचं. बरी कधी म्हणायची, हेही ठरलेलं होतं. सांधे बसवून सरस वाळला की बाबा स्वतः खुर्चीवर बसायचे आणि एक कप चहा सावकाश प्यायचे. चहा संपेपर्यंत ती कुरकुरली नाही, तर तिचं तोंड दाराकडे वळायचं.

"माझ्या नवऱ्याने जन्मभर बसून खाल्लं," असं आई सगळ्यांना सांगायची. ऐकणाऱ्याचा चेहरा कसनुसा झाला की मग म्हणायची, "पण बसायलाही कष्ट पडतात हो."

बाबा गेले तेव्हा दुकानात बऱ्या खुर्च्या मोजक्या होत्या आणि आजारी पुष्कळ. एक हातांची भारदस्त खुर्ची तर कोपऱ्यात लोखंडी शिकंज्यात आवळलेली होती. त्या शिकंज्याचा स्क्रू बाबांनी त्याच सकाळी फिरवला होता. सरस केव्हाच वाळून खडखडीत झाला असणार, पण बेबीने शिकंजा सोडला नव्हता. केर काढताना ती कोपऱ्याला वळसा घालून जायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "असू दे, वाळतंय."

बेबी म्हणजे बाबांची मुलगी. चाळिशी उलटली, केसांत पांढरं आलं, तरी बेबीच. ग्रंथालय, छापखाना आणि एक प्रवासी कंपनी अशा तीन ठिकाणी तिने नोकऱ्या केल्या होत्या आणि कुणाशीही न भांडता, निरोपाचा हार घेऊन ती तिथून बाहेर पडली होती. तिचं कुणावाचून अडलं नाही आणि तिच्यावाचून कुणाचं अडलं नाही. यातल्या दुसऱ्या भागाचा विचार ती शक्यतो करत नसे.

तिच्या मोठ्या भावाचं, दादाचं, याच्या अगदी उलट. लोकांना त्यांचं ध्येय शोधून देणं हाच त्याचा धंदा होता. 'जीवनध्येय, एका सकाळीत' असं त्याच्या शिबिराचं नाव. फोनवरसुद्धा तो समोरच्याला आधी खोल श्वास घ्यायला लावायचा. एकदा चुकीचा नंबर लागलेल्या माणसालाही त्याने दोन श्वास घ्यायला लावून मगच सोडलं होतं.

"हे बघ बेबी," तो म्हणाला, "केकवाल्या ताईंना जागा आवडलीये. रविवारी येतायत त्या. त्याच सकाळी मी इथे शिबिर ठेवलंय. तुला दुकान चालवायचं असेल तर तेव्हा सांग. पण ध्येय म्हणून सांग, एका वाक्यात."

"आणि नाही सांगता आलं तर?"

"तर किल्ली त्यांना."

"मी विचार करतेय, दादा."

"विचार नको गं करूस. आतून येऊ दे."

"आतून यायला ती काय ढेकर आहे?" मागच्या खोलीतून आईचा आवाज आला.

बेबीच्या आतून काहीच येईना. दुकान जाऊ नये, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पण 'जाऊ नये' हे काही ध्येय होत नाही, ते नकारात्मक आहे, असं दादाने आधीच बजावून ठेवलं होतं.

रविवारी ती आणि आई मागच्या खोलीत चहाच्या मागे लागल्या. बाहेर दादा खुर्च्या सरकवत होता.

"दादा, खुर्च्या बघून घे हं!" तिने आतूनच सांगितलं.

"मला शिकवतेस? मी या दुकानात वाढलोय!"

वाढला होता खरा. नियमही त्याच्या लक्षात होता, फक्त उलटा. तयार खुर्च्यांवर धूळ बसू नये म्हणून बाबा त्यांचं तोंड भिंतीकडे करतात, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत होती. त्याने दाराकडच्या सगळ्या बऱ्या खुर्च्या उचलून बाहेर उन्हात नेऊन ठेवल्या आणि भिंतीकडच्यांचं मोठ्या प्रेमाने रिंगण केलं. स्वतःसाठी कोपऱ्यातली हातांची खुर्ची घेतली. तिला काहीतरी लोखंडी अडकवलेलं होतं, ते सोडून त्याने टेबलाखाली सरकवलं.

शिबिराला जमून जमून चौघं जमले. एक विमा एजंट, एक दंतवैद्य, जागा बघायला आलेल्या केकवाल्या ताई आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका. मुख्याध्यापिका बाई खरं तर आपली खुर्ची न्यायला आल्या होत्या. "बसा बाई, तुमचीच वाट बघत होतो," असं म्हणून दादाने त्यांनाही बसवलं.

"डोळे मिटा," तो म्हणाला. "अजिबात हलू नका. झाडासारखे स्थिर."

तोवर ठीक चाललं होतं.

"आता खोल श्वास. छाती भरून. आणि हळूच मागे रेला."

मागच्या खोलीत बेबी कपांत चहा ओतत होती. बाहेरून बारीक 'किर्र' ऐकू आलं. तिचं शाळेतलं सगळं पाठांतर याच आवाजांच्या संगतीत झालेलं. तोंडून आपसूक निघून गेलं, "मागची पट्टी सुटतेय."

"काय गं?" आईने विचारलं.

बाहेर मुख्याध्यापिका बाई बसल्या होत्या त्या खुर्चीची पाठ सुटून खाली पडली. बाई मात्र आयुष्यात कधी रेलल्याच नव्हत्या. त्या तशाच ताठ बसून राहिल्या, डोळेही उघडले नाहीत.

"छान!" दादा म्हणाला. शिबिरात काहीही झालं तरी 'छान' म्हणायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. "एक ओझं गळून पडलं. पुढे कोण बोलतंय?"

"लोकांना आधार देणं हे माझं जीवनध्येय..." विमा एजंटाने सुरुवात केली.

'टक्.'

"डावा पाय!" बेबी किटली हातात घेऊन बाहेर धावली. "उठा, डावा पाय चाललाय!"

एजंटाने घाईघाईने आपला डावा पाय उचलला. त्यासरशी सगळा भार उजवीकडे गेला आणि खुर्चीचा उजवा पाय मुळापासून निघाला. एजंट दंतवैद्यांच्या मांडीवर, दंतवैद्य जमिनीवर, आणि त्यांच्या खुर्चीचं वेताचं विणकाम टोपीसारखं त्यांच्या गुडघ्यावर.

"छान!" दादा पुन्हा म्हणाला. आवाज जरा चिरकला होता. "पडल्यावर आतून काय वाटलं, ते सांगा."

"आतून नाही, खालून वाटलं," दंतवैद्य म्हणाले.

केकवाल्या ताई शहाण्या. त्या उठून उभ्या राहिल्या. खुर्ची पण त्यांच्याबरोबर उठली. बैठकीतून वर आलेल्या खिळ्याने त्यांचा ड्रेस घट्ट धरून ठेवला होता. "अहो, कुणीतरी हिला सोडवा," त्या गोल फिरत म्हणाल्या, आणि त्यांच्यामागून खुर्ची शेपटीसारखी फिरली.

बेबीने किटली खाली ठेवून त्यांना सोडवलं. पण तिचं सगळं लक्ष एजंटाच्या खुर्चीकडे होतं. गुडघ्यांवर बसून तिने ती उलटी केली. आवाज डावीकडून आला होता, तिने कानांनी ऐकला होता, मग तुटला उजवा कसा? बोट घालून बघितलं तर डावा पाय सैल होता, पण पाचर ठोकून कुणीतरी तो कसाबसा तगवलेला. कुरकुरत होता डावा आणि ओझं वाहत होता बिचारा उजवा. बाबांनी हे एका नजरेत ओळखलं असतं. तिला ओळखता आलं नव्हतं. ही चूक तिला इतकी झोंबली की नोकऱ्यांमधल्या सगळ्या चुका मिळूनही तेवढ्या झोंबल्या नव्हत्या.

"मोगरी कुठे गेली?" ती स्वतःशीच पुटपुटली आणि लाकडी हातोडा शोधायला टेबलाखाली वाकली.

मोगरीच्या शेजारी शिकंजा पडला होता. उघडा.

ती सावकाश सरळ झाली. मुख्याध्यापिका बाईही एव्हाना उठल्या होत्या; सगळ्या खोलीत एकच माणूस अजून खुर्चीवर होता.

"दादा, हा तू सोडलास?"

"काय? ते लोखंड? हो."

"मला न विचारता?"

तिच्या चेहऱ्याकडे बघून दादा उठू लागला.

"उठू नकोस!"

बेबी आजवर कुणावर ओरडली नव्हती. दादा जिथल्या तिथे बसला, जोराने, आणि सगळ्यांनी श्वास रोखला.

खुर्ची कुरकुरली नाही.

"माझी खुर्ची ती," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "मघापासून सांगायचंय. यांच्या बुडाखाली आहे."

बेबीने कप भरला आणि दादाच्या हातात दिला. "पी. सावकाश."

"अगं, पण शिबिर..."

"चहा संपेपर्यंत बोलायचं नाही."

आई दारात येऊन उभी राहिली. दादाने एक घोट घेतला, मग दुसरा. अंग जरा इकडे झुकवलं, जरा तिकडे. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण बाबा तसंच करायचे. चौघं पाहुणे जमिनीवर बसून कान देऊन ऐकत होते. घोटांचे आवाज तेवढे येत होते, लाकडाचा एकही नाही. अर्धा कप झाल्यावर दादा झुकायचा थांबला. तो कपाकडेच बघत राहिला. बेबी दुसरीकडे बघू लागली.

"संपला," दादा म्हणाला. नाक ओढून त्याने घसा साफ केला. "बेबी, तुझं वाक्य राहिलं."

"एजंटसाहेबांच्या खुर्चीचे दोन्ही मागचे पाय नव्याने बसवायला लागतील," बेबी म्हणाली. "डावा आधी."

"हे ध्येय नाही गं."

"ताई," बेबी केकवालीकडे वळली, "जागा मिळणार नाही. माफ करा. ड्रेस रफू करून देते."

"राहू दे हो," केकवाल्या ताई मागे हात फिरवत म्हणाल्या. "पण माझ्या दुकानातली सहा स्टुलं कुरकुरतात. आणून टाकू?"

"भिंतीकडे तोंड करून ठेवा," आई म्हणाली.

"स्टुलाला तोंड कुठलं असतं, आई?" दादाने विचारलं.

याचं उत्तर बाबांनाही कधी सापडलं नव्हतं. बेबीने हातांची खुर्ची दोन्ही बाजूंनी धरली, ढोपर लावलं आणि दादासकट फिरवून दाराकडे तोंड करून ठेवली.

"बाई," ती मुख्याध्यापिकांना म्हणाली, "तुमची तयार आहे. वरचं तेवढं उतरवून घेते."